कच्चा आवाज

मी कोरल. आमच्या वॅरिंग गावात ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी टीव्ही पाहिला असेल, त्यांना माझं तोंड माहीत आहे. जाहिरातीत नवऱ्याच्या शर्टाची कॉलर उजेडात धरून हसणारी बाई ती मीच. पोरांपुढे सूपची वाटी ठेवणारी मीच, आणि फरशीत स्वतःचं तोंड बघून खूश होणारी खुळीही मीच. खरं सांगायचं तर माझं लग्न कधी झालं नाही, पोरं झाली नाहीत, आणि सूप मला डब्यातलंसुद्धा नीट गरम करता येत नाही. कपडे माझी आई धुवायची. पण खाटकाच्या दुकानात गेले की लोक मला 'मम', म्हणजे आई, म्हणायचे, आणि मेलं मला ते आवडायचं.

पण ही गोष्ट माझी नाही, ग्वेंडा प्रिडमोरची आहे. तिचं तोंड कुणाला माहीत नाही आणि तिचा आवाजही कुणाला माहीत नाही, आणि त्यात माझा वाटा आहे. तो सांगितल्याशिवाय मला मरायचं नाही.

ग्वेंडा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा, रॉझलिनचा, फोन आला. रडून घसा बसला होता पोरीचा. म्हणाली, "कोरल आंटी, मम्मीचा आवाज कुठे मिळेल का हो? घरात फोटो ढीगभर आहेत. आवाज एकही नाही." ग्वेंडाच्या घशात गाठ झाली होती, ब्रिस्बेनला शस्त्रक्रिया करून स्वरयंत्रच काढलं होतं. त्यानंतरची अकरा वर्षं ती वहीवर लिहून बोलायची. घरच्या फोनवर निरोप ठेवायला सांगणारा आवाजसुद्धा तिच्या नवऱ्याचा, रॉनचा होता. रॉन जाऊन सहा वर्षं झाली, तरी तोच वाजायचा.

शस्त्रक्रियेच्या आधी तिथल्या नर्सनं तिला सांगितलं होतं की बाई, घरच्यांसाठी चार वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. ग्वेंडा म्हणाली, "ठेवीन. पण लावणार कोण?" आणि तिनं ते यंत्र परत केलं. मी तिथंच खुर्चीत बसले होते. माझी मान वर झाली नाही.

आता तो आवाज कसा होता ते सांगते. ग्वेंडाचा बाप आल्फ आमच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. हजार गुरं हंबरत असताना शेवटच्या कुंपणावर टेकलेल्या माणसाला त्याचा शब्द न् शब्द कळायचा. तोच आवाज पोरीच्या गळ्यात उतरला होता. बायकी किणकिण नाही, ओरडणंही नाही. जाड, सरळ, प्रत्येक अक्षर वेगळं. पंधरा वर्षांची असताना बापाला ताप आला म्हणून तिनं अर्धा तास लिलाव पुकारला. गुरं चढ्या भावानं गेली, आणि संध्याकाळी चार मोठे शेतकरी घरी येऊन आल्फला सांगून गेले की पोरीला पुन्हा लिलावाच्या कठड्यावर चढवू नकोस, शोभत नाही. गुरं मात्र कुणी परत केली नाहीत.

पुढे तिचं लग्न झालं, रॉझलिन झाली, आणि पोर वर्षाची झाल्यावर ती आमच्या टीव्ही केंद्रात लागली. काम जाहिराती लिहिण्याचं. गावातली दुकानं, धोबी, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांच्या जाहिराती ती लिहायची. लिहिली की हातात सेकंदाचं घड्याळ घेऊन खोलीत बसून स्वतः मोठ्यानं वाचायची, म्हणजे तीस सेकंदांत बसते की नाही ते कळतं. ते वाचन टेपवर घ्यायचं. त्याला आम्ही कच्चा आवाज म्हणायचो. त्या कच्च्या आवाजावर चित्रं बसवायची, म्हणजे माझं हसणं, माझी कॉलर; एरवी मी तिथं टाइपिंग करायचे. मग गुरुवारी क्लाइव्ह यायचा. क्लाइव्ह आमचा निवेदक, घोड्यांवर पैसे लावणारा, मधाळ गळ्याचा माणूस. तो तेच शब्द, त्याच जागी थांबत, पुन्हा वाचायचा. तो पक्का आवाज. पक्का आला की कच्चा पुसून टाकायचा, टेपा महाग होत्या.

आमच्या साहेबांचं, मिस्टर टीगचं, एकच वाक्य ठरलेलं होतं. बाईनं दाखवायचं, पुरुषानं सांगायचं. साबण धुणार बाई, विकत आणणार बाई, पण तो चांगला आहे हे सांगायला मात्र पुरुष लागायचा, ज्यानं जन्मात बादलीला हात लावला नाही असा. आम्ही कुणी त्याच्यावर हसलो नाही. सूर्य उगवतो तसं ते वाक्य होतं.

ग्वेंडा दरवर्षी नाताळाच्या आधी टीगसाहेबांच्या खोलीत जायची आणि विचारायची की एखादी जाहिरात मी करू का. तो दरवर्षी हसून म्हणायचा, "बघू गं पोरी." पोरी म्हणे. ती सदतीस वर्षांची झाली तरी. बाहेर येऊन ती आपल्या टेबलाशी बसायची, दोन पेन्सिलींना टोक काढायची आणि कामाला लागायची. चिडली की पेन्सिली तासायच्या, ही तिची सवय. तिच्या खणात सगळ्या पेन्सिली बोटाएवढ्या झाल्या होत्या.

आणखी एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलंय. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला त्या टेपची ओळख बोलून ठेवायची. कुणाची जाहिरात, किती सेकंद, कितवा प्रयत्न. आणि मग उलटे आकडे: तीन, दोन. 'एक' म्हणायचा नाही. तो मनातच म्हणायचा आणि त्या रिकाम्या जागेनंतर निवेदकानं सुरू करायचं. 'एक' मोठ्यानं म्हटला तर चुकून तो लोकांच्या घरात ऐकू जायचा. ही ओळख क्लाइव्हच्या शेजारी बसून ग्वेंडा बोलायची. मला तिनं शिकवलं होतं, "मनातला 'एक'ही पुरता म्हणायचा गं कोरल, घाईत गिळायचा नाही."

त्या वर्षी मार्चमध्ये पाऊस झाला आणि ओढ्याला पूर आला. क्लाइव्ह पलीकडे अडकला. कॉस्टेलोच्या दुकानाची कपडे धुण्याच्या यंत्राची जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी बातम्यांच्या आधी लागायची होती, आणि तिचा फक्त कच्चा आवाज तयार होता. साहेब म्हणाला, त्याची जुनीच जाहिरात लावा. आता आमच्याकडे कच्च्या टेपच्या डब्यावर पांढरी पट्टी आणि पक्क्याच्या डब्यावर पिवळी. कित्येक आठवडे पिवळ्या पट्ट्याच नव्हत्या, म्हणून सगळ्याच डब्यांवर पांढऱ्या. टेपच्या यंत्रावर बसलेल्या नेव्हिलनं वरचा डबा उचलला आणि लावला.

ग्वेंडा घरी होती. खारवलेलं मांस चुलीवर उकळत होतं आणि बाहेरच्या खोलीतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कच्च्या आवाजात ती क्लाइव्हसाठी लिहिलेलं 'गृहिणींनो' कधी म्हणायची नाही. म्हणायची, "मी कुणाला गृहिणींनो म्हणू? मीच त्यातली." त्या जागी ती सरळ 'हे बघा' म्हणायची. तर हे बघा, सोमवारचा दिवस कपड्यांत जातो, तो परत मिळणार आहे, असं काहीतरी. रॉन म्हणाला, "हा आवाज ओळखीचा वाटतो बुवा." नऊ वर्षांची रॉझलिन म्हणाली, "डॅडी, ही मम्मी आहे." चुलीवरचं मांस करपलं, पण त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही म्हणे.

सोमवारी ग्वेंडा नवा निळा ब्लाउज घालून आली, ओठांना रंग लावून. आवाजाला कशाला लागतो ओठांचा रंग. पण मला कळलं, तिला आता बोलावणं येईल असं वाटत होतं. शुक्रवारच्या रात्रीतून अकरा फोन आले होते. चार जण विचारत होते की क्लाइव्हला बरं नाही का. बाकीच्या सात बायका होत्या, त्या यंत्राबद्दल विचारत होत्या. केंद्रात कुजबूज सुरू झाली. कॉस्टेलोही म्हणाला होता की मला चालेल, बाईंचाच राहू द्या.

मी दारात उभी होते तेव्हा टीगसाहेब जाता जाता मला म्हणाला, "शहरात म्हणे आता तोंडही तिचंच आणि आवाजही तिचाच, एकाच बाईत काम भागतं. ग्वेंडा दिसायलाही वाईट नाही, काय?" एवढंच. त्यानं काही धमकी दिली नाही. पण माझी पाचावर धारण बसली. मम म्हणून ओळखली जाणारी मी, उद्या नुसती टाइप करणारी कोरल होणार. खाटीक मग मला काय म्हणणार?

दहा वाजता त्यानं सगळ्यांना खोलीत बोलावलं. कॉस्टेलोही होता. साहेबानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "कोरल, तू आमची गृहिणी. तूच सांग. दुसऱ्या बाईनं सांगितलं म्हणून तू यंत्र घेशील?"

मी ग्वेंडाकडे पाहिलं नाही. म्हणाले, "नाही साहेब. शेजारीण फुशारकी मारतेय असं वाटतं."

लोक हसले. साहेब तर खुर्चीत मागे रेलून हसला. ते वाक्य त्यानं पुढे वीस वर्षं येईल त्याला ऐकवलं, 'आमची कोरल म्हणते' असं म्हणून. कॉस्टेलोनं मान डोलावली आणि क्लाइव्हच बरा म्हणाला. दोन मिनिटांत प्रकरण मिटलं.

ओढ्याचं पाणी उतरल्यावर क्लाइव्ह आला, तेव्हा ग्वेंडानंच त्याच्या शेजारी बसून आकडे मोजले. चौथ्या प्रयत्नात त्याला जमलं. दुपारी चहाच्या वेळी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि देवाशप्पथ मला त्या हव्या होत्या. तिनं विचारलं, "तू कधी कपडे धुण्याचं यंत्र वापरलंयस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली, आणि लॅमिंग्टन केकचा तुकडा माझ्या बशीत ठेवून गेली. त्यानंतर नाताळाच्या आधी ती साहेबाच्या खोलीत कधी गेली नाही.

पुढे काळ बदलला, बायकांचे आवाज टीव्हीवर आले. पण कसले, तर केसांचं तेल, बाळाची पावडर. गोड, पिसासारखे, कानात फुंकर घातल्यासारखे. नव्या साहेबानं ग्वेंडाचा आवाज एकदा ऐकला आणि म्हणाला, फार खरखरीत आहे, शिवाय वय कळतं. आधी ती बाई म्हणून चालत नव्हती, आता पुरेशी बाई नाही म्हणून चालेना. ती अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. तिला निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्या समारंभात भाषण क्लाइव्हनं केलं, आणि ते लिहून दिलं होतं ग्वेंडानं.

तुम्ही म्हणाल, एका वाक्यानं काय होतं. मीही स्वतःला हेच सांगत होते. मी हो म्हटलं असतं तरी साहेबानं त्याचंच खरं केलं असतं. असेल. पण त्यानं मला विचारलं होतं, आणि सात बायकांचे फोन आलेले असताना, घरात यंत्र नसलेल्या बाईनं त्यांच्या वतीनं खोटं सांगितलं. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला त्या दिवशी लाजही नव्हती.

रॉझलिनचा फोन ठेवला आणि मी नेव्हिलला गाठलं. तोही आता म्हातारा, कानात यंत्र. केंद्र बंद झालं तेव्हा उरलेल्या टेपा गावच्या इतिहास मंडळानं रेल्वेच्या जुन्या गोदामात नेऊन ठेवल्या होत्या, आणि नेव्हिल तिथं मंगळवारी धूळ झटकायला जायचा. मी त्याला ग्वेंडाचा कच्चा आवाज आहे का विचारलं. तो म्हणाला, "कच्चं काहीच नाही गं. सगळं पुसलं. माझ्याच हातानं पुसलंय." मग म्हणाला, "पण थांब. उद्या ये. पोरीला घेऊन ये."

गोदामात उकाडा मरणाचा. नेव्हिलनं कॉस्टेलोची टेप काढून ठेवली होती. त्यानं बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि मग त्या पत्र्याच्या गोदामात ग्वेंडा बोलली. "कॉस्टेलो, धुण्याचं यंत्र. तीस सेकंद. प्रयत्न चौथा. तीन. दोन." मग रिकामी जागा, आणि क्लाइव्ह सुरू झाला.

नेव्हिल म्हणाला, "हा तुकडा आम्ही लोकांच्या घरात कधी जाऊ दिला नाही. टेप इथपर्यंत पुढे आणून मगच लावायचो." त्यानं दुसरी टेप लावली, मग तिसरी. ट्रॅक्टर, धोबी, बिस्किटं. प्रत्येकीच्या तोंडाशी ग्वेंडा होती. एकोणीस टेपा ऐकल्या आम्ही. रॉझलिन खोक्यावर बसून तोंडावर हात दाबून रडत होती. अकरा वर्षांनी आई बोलत होती, आणि काय, तर तीन, दोन.

डोळे पुसून तिनं विचारलं, "मम्मी 'एक' का म्हणत नाही?"

नेव्हिलनं तिला सांगितलं. आणि मग मला राहवेना. नऊ वर्षांची असताना टीव्हीत ऐकलेला आवाज पुन्हा का लागला नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ग्वेंडानं घरी एवढंच सांगितलं होतं की चूक झाली होती. मी तिला सगळं सांगितलं. दारातलं बोलणं, खोली, ते वाक्य. काही झाकलं नाही.

तिनं टेपचा डबा उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "अंत्यविधीत ही टेप लावायची आहे. फक्त 'दोन'पर्यंत. क्लाइव्हचा शब्द यायला नको. बटण तुम्ही दाबायचं, आंटी." माफ केलं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही.

आठवडाभर मी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोट दाबायचा सराव केला. शहात्तराव्या वर्षी बोटं आखडतात, पण मला जमायला लागलं होतं. शुक्रवारी चॅपेल भरलं होतं. केंद्रातली जुनी माणसं, बाजारातली, शेतांवरची. रॉझलिननं दोन शब्द सांगितले आणि माझ्याकडे पाहिलं. मी टेप सुरू केली. ग्वेंडाचा आवाज भिंतीपर्यंत गेला, मागच्या रांगेपर्यंत, बापासारखा. तीन. दोन. मी मनात 'एक' म्हणायला गेले, पुरता, तिनं शिकवला तसा. आणि तेवढ्यात उशीर झाला. "गृहिणींनो," क्लाइव्ह म्हणाला, आणि मग माझं बोट बटणावर पडलं.

चॅपेलमध्ये हसू पसरलं. वाईट नव्हे, मायेचं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, आपला क्लाइव्ह." रॉझलिननं मान खाली घातली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ग्वेंडाच्या शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्यालाच बोलू दिलं.

नंतर चहा आणि सँडविच होते. चार जण येऊन मला म्हणाले की क्लाइव्हचा आवाज ऐकून जुने दिवस आठवले, काय माणूस होता. मी मान डोलावत राहिले. ग्वेंडाचं कुणी विचारलं नाही. मी कप विसळायच्या निमित्तानं आत जाणार, तेवढ्यात काठी टेकत एक बाई आली. शेतावरची दिसत होती, उन्हानं रापलेली. मी तिला ओळखलं नाही, पण तिनं मला ओळखलं. "तू मम ना?" म्हणाली. "ती आकडे मोजणारी कोण होती?"

मी म्हटलं, "तीच ग्वेंडा. तिचा आवाज टीव्हीवर कधी आला नाही."

"आला नाही कसा? एकदा आला होता," ती म्हणाली. "पुराच्या साली. 'हे बघा' म्हणाली होती. मी नवऱ्याला म्हटलं, ही बाई स्वतः धुते, हिचं ऐकायचं. शेजारीण सांगतेय असं वाटलं गं, म्हणून तर घेतलं. तेवीस वर्षं चाललं ते यंत्र. यंत्राचं विचारायला मी फोनही केला होता तुमच्याकडे, तिला पुन्हा लावा म्हणूनही सांगितलं."

मी कप खाली ठेवला. मागे वळून पाहिलं तर रॉझलिन सँडविचचं ताट घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ताट खाली ठेवलं, त्या बाईसाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा ना. ती अजून काय काय म्हणाली होती, ते मला सांगा."